न झोंबणारी मिरची

नोर्बूला थंडी का वाजत नाही, हे कोडं रुंजीला पडलं ते सकाळच्या चहाच्या वेळी.

तिने स्वतः अंगात तीन स्वेटर चढवले होते, पायात मोज्यांचे दोन जोड, डोक्याला कानटोपी. तरीही तिचे दात असे वाजत होते की कपातला चहा हिंदकळून बशीत येत होता. आणि समोर, खिडकीजवळच्या गालिच्यावर, डॉक्टर यांगचेनचा पाच महिन्यांचा नोर्बू उघडाच लोळत होता. आई कपडे चढवू बघत होती आणि त्याला मात्र पायाचा अंगठा तोंडात घालायची घाई होती. ना थरथर, ना कुडकुड, ना रडारड. खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघून तो चक्क हसत होता.

हे सगळं घडलं लडाखच्या एका उंच पठारावर, आजपासून तीसेक वर्षांनी. म्हणजे खरं तर अजून घडायचंच आहे. पण गोष्टीला तेवढी वाट बघवत नाही.

पठारावर एक वनस्पती संशोधन केंद्र होतं. चार बुटक्या इमारती आणि मधोमध एक भलंमोठं काचघर. बाहेर नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि काचेच्या आत हिरवंगार. सकाळचं ऊन काचांवर आलं की आतली झाडं हवेत तरंगताहेत असं वाटायचं, आणि आपण जागे आहोत की अजून झोपेतच, हे रुंजीला पटकन कळायचं नाही. या काचघराचे सर्वेसर्वा म्हणजे तिचे आप्पा, तिच्या आईचे वडील.

आप्पा मूळचे नंदुरबारचे. जिथे गावाबाहेरच्या पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या पटांगणांवर, मिरच्या वाळत घातल्या की सगळी जमीन लाल होते आणि येणारा-जाणारा शिंकून बेजार होतो, त्या नंदुरबारचे. मिरचीच्या मुलखात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने आयुष्याची वीस वर्षं खर्चून काय तयार केलं होतं? तर न झोंबणारी मिरची! ही बातमी गावी पोचली तेव्हा लोक पोट धरधरून हसले होते. मिरची, आणि तिखट नाही! मग तिचं करायचं तरी काय, हार करून घालायचा?

रुंजीचं खरं नाव अरुंधती, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. शाळा पडद्यावर भरत असल्यामुळे हा हिवाळा ती आप्पांकडे काढणार होती. वसंतात आई-बाबा येणार आणि आप्पांना कायमचं खाली नंदुरबारला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. आप्पांना आता इथली थंडी सोसत नव्हती.

"निखाऱ्या, याला थंडी का रे वाजत नाही?" रुंजीने विचारलं.

निखारा हा केंद्रातला यंत्रमानव. त्याचे डोळे अवरक्त किरण (आपल्याला न दिसणारे, उष्णतेचे किरण) बघायचे आणि जे दिसेल ते छातीवरच्या पडद्यावर रंगांत उमटवायचे. गार ते निळं, कोमट ते हिरवं, गरम ते पिवळं आणि नारिंगी. मराठी त्याला आप्पांनी शिकवली होती, त्यामुळे बोलताना तो कधी पुस्तकातला वाटायचा, कधी नंदुरबारच्या बाजारातला.

"उत्तर त्याच्या पाठीत आहे," निखारा म्हणाला. "बघ ना बेटा."

यांगचेनने नोर्बूला पालथं केलं. पडद्यावर हिरवट-पिवळं बाळ उमटलं आणि त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये एक छोटासा, उजळ, नारिंगी डाग. आतून कुणीतरी दिवा लावून ठेवला होता.

"हे काय आहे?"

"शेगडी," यांगचेन हसली. डॉक्टर यांगचेन इथल्याच गावची, पण वैद्यकी शिकली पुण्यात, त्यामुळे तिचं मराठी अगदी सफाईचं होतं. "एवढ्याशा बाळाला धड कुडकुडताही येत नाही. तू कुडकुडतेस तेव्हा तुझे स्नायू भराभर आखडतात आणि सैल होतात, आणि त्यातून ऊब निघते. बाळाला ते जमत नाही. म्हणून ते जन्माला येतानाच पाठीत शेगडी घेऊन येतं. तिला तपकिरी चरबी म्हणतात."

"पण चरबी तर पांढरी असते ना? पिवळट?"

"ती साठवणीची. कोठीतलं धान्य समज. ही तपकिरी चरबी वेगळी. ती तेच धान्य जाळते आणि नुसती ऊब काढते."

"माझ्यात आहे?"

"आहे की. मोठं होताना कमी होते, पण थोडी राहते. गळ्याच्या हाडांच्या वर, मानेजवळ."

रुंजीने स्वेटरांचे गळे खाली ओढले. निळ्या-हिरव्या पडद्यावर, मानेच्या दोन्ही बाजूंना, दोन पिवळे ठिपके होते. लहानसे, पण होते! तिला एवढा आनंद झाला की क्षणभर ती कुडकुडायचीही विसरली. तेवढ्यात आप्पा हात चोळत आत आले, आणि तिने त्यांना हाताला धरून निखाऱ्यासमोर उभं केलं. ते नको नको म्हणत असताना त्यांचा मफलर सोडला.

पडद्यावर आप्पांची मान उमटली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी.

मग यांगचेनने हळूच सांगितलं, "वय झालं की ही शेगडी मंदावत जाते, रुंजी. बहुतेकांची." आप्पांनी मफलर पुन्हा गुंडाळला आणि चहा कुठाय, म्हणून विचारलं.

रुंजीला मात्र चहा गोड लागेना. कारण आप्पांची एक इच्छा तिला ठाऊक होती, आणि ती या निळ्या मानेवर अडली होती.

केंद्रापासून थोड्या अंतरावर एक तळं होतं. ते पुरतं गोठलं की गायचं. हो, खरंच गायचं. सकाळचं ऊन बर्फावर पडलं की बर्फ किंचित फुगतो, त्याला पसरायला जागा नसते, मग त्याच्या अंगात ताण येतो आणि बारीक चिरा लांबच लांब धावत सुटतात. त्यातून जो आवाज उठतो तो आप्पांनी इथल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात ऐकला होता. एकदाच. पुढे हिवाळे उबदार होत गेले आणि तळं पुरतं गोठेनासंच झालं. आप्पा थांबले, वाट बघत राहिले, म्हातारे झाले. आणि यंदा, नेमकं ते कायमचे निघणार त्या वर्षी, तळं या काठापासून त्या काठापर्यंत गोठलं होतं.

"मी ध्वनिमुद्रण करून आणतो," निखारा म्हणाला होता.

"ते कानाला अर्धंच ऐकू येतं रे बाबा," आप्पा म्हणाले होते. "उरलेलं तळपायांनी ऐकायचं असतं. बर्फावर उभं राहून."

पण यांगचेनने त्यांना अंगणापलीकडे जायची बंदी घातली होती. मागच्या महिन्यात नुसतं काचघराच्या मागच्या बाजूला जाऊन आले तरी त्यांच्या अंगातली थरथर जाता जात नव्हती. तळ्यापर्यंतचा रस्ता त्याच्या कितीतरी पट लांब. आप्पा खिडकीत बसून तळ्याच्या दिशेने बघत राहायचे, आणि त्यांना तसं बसलेलं बघून रुंजीचा जीव तुटायचा.

मग तिच्या डोक्यात एक कल्पना आली. चांगली वाटणारी, पण पुरती फसलेली. नंदुरबारच्या नातीलाच सुचावी अशी.

काचघराच्या एका कोपऱ्यात आप्पांनी तुलनेसाठी म्हणून खऱ्याखुऱ्या तिखट मिरच्या लावल्या होत्या. यांगचेन नोर्बूला घेऊन शेजारच्या गावात लस टोचायला गेली, त्या सकाळी रुंजीने त्यातल्या मूठभर तोडल्या, तव्यावर भाजल्या, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटल्या. आईने बरोबर दिलेलं कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचं पीठ होतंच. भाकरीला गोलाई आली नाही, पण ठेचा असा जमला की वासानेच डोळ्यांत पाणी यावं.

"काय व माय!" आप्पा दारातूनच म्हणाले. "हे काय केलंस?"

"ठेचा खाल्ला की अंगात गरमी येते ना? खा, आणि आपण तळ्यावर जाऊ."

आप्पांना काय माहीत नव्हतं? मिरचीबद्दल त्यांच्याहून जास्त जाणणारा माणूस त्या पठारावर नव्हता. पण त्यांनी एकदा ठेच्याकडे बघितलं, एकदा खिडकीबाहेरच्या झगझगीत उन्हाकडे, आणि मांडी घालून बसले. दुसऱ्या घासाला त्यांची कानशिलं तापली. चौथ्या घासाला नाकाचा शेंडा लाल झाला. भाकरी संपेपर्यंत कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते हाश-हुश करत लहान मुलासारखे हसत होते.

"हे नियमाला धरून नाही," निखारा म्हणाला.

"तू बरोबर चल, म्हणजे नियम मोडल्यासारखं वाटणार नाही," आप्पा म्हणाले.

बाहेर सगळं कसं शांत होतं. पायांखाली बर्फ कुरकुरत होता, वर आभाळ इतकं निळं होतं की बघताना गरगरावं. आप्पांनी काठी टेकत चालता चालता मफलर सैल केला, मग कोटाची वरची गुंडी काढली. "उकडतंय गं," ते म्हणाले. रुंजीने निखाऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि टाळ्याच पिटल्या. आप्पांचा चेहरा नारिंगी! मान नारिंगी! "बघ, किती गरम झालेत!"

"मला जे दिसतंय," निखारा म्हणाला, "ते आप्पांजवळ उरलेलं नाही. त्यांच्या अंगातून निघाली म्हणून तर ती उष्णता माझ्या डोळ्यांपर्यंत आली."

रुंजीने ते ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आनंदात असलेल्या माणसाचं असंच होतं.

मग वारा सुटला. फार नव्हता, पण आप्पांच्या सदऱ्यातला घाम त्या वाऱ्याने बर्फासारखा गार केला. नारिंगी चेहरा पिवळा झाला, हिरवा झाला, आणि बघता बघता निळा. आप्पांची पावलं अडखळू लागली. ते थांबले, रुंजीकडे बघून म्हणाले, "कुंदा, दप्तर घेतलंस का?"

कुंदा हे रुंजीच्या आईचं नाव.

"निखाऱ्या!" रुंजी किंचाळली. निखाऱ्याने आप्पांना उचललं, आपल्या पाठीमागची गरम हवेची झडप त्यांच्या बाजूला वळवली आणि तो केंद्राकडे धावत सुटला. मागून रडत, धडपडत रुंजी.

यांगचेन तेवढ्यात परतली होती. तिने ओले कपडे उतरवले, कोरडी पांघरुणं गुंडाळली, थोडं थोडं कोमट गोड पाणी पाजलं. दुपारपर्यंत आप्पांना आपली नात ओळखू आली. यांगचेन रुंजीवर रागावली नाही, आणि रुंजीला तेच जास्त लागलं. ती पलंगाच्या पायथ्याशी बसून हमसून हमसून रडली.

"इकडे ये," आप्पांनी हाक मारली. "चूक तुझ्यापेक्षा माझी मोठी आहे. मला सगळं माहीत होतं. पण ठेचा समोर आला की माझ्यातला शास्त्रज्ञ उठून बाहेर जातो, त्याला मी काय करू?"

रुंजी रडता रडता हसली. मग नाक पुसून तिने विचारलं, "पण असं झालं कसं? तुम्ही तर किती गरम झाला होतात!"

"गरम वाटत होतं. गरम वाटणं आणि गरम राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट ऐक. तोंडात, त्वचेत, आतड्यात आपल्या चेतातंतूंना (मेंदूकडे निरोप नेणाऱ्या धाग्यांना) बारीक बारीक दारं असतात. खरा चटका बसला की ती उघडतात आणि भाजतंय म्हणून निरोप जातो. मिरचीतला तिखट रेणू त्याच दाराला बनावट किल्ली लावतो. चटका नसतो, पण दार उघडतं. मेंदूला वाटतं, फार उकडतंय. मग तो काय करेल?"

"अंग गार करेल."

"शाब्बास. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, आतलं गरम रक्त बाहेरच्या बाजूला येतं, घाम सुटतो. उन्हाळ्यात हे बरं. पण इथे? थंडीच्या दिवसांत मी घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, आणि त्या खिडकीत बसून म्हटलं, वा, बाहेर किती ऊब चाललीय!"

निखारा कोपऱ्यातून म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," रुंजी ओशाळून म्हणाली. थोड्या वेळाने तिने डोकं वर केलं. "आप्पा, किल्ली लागली तर एकच दार उघडतं का?"

आप्पा उशीवरून अर्धे उठले. हा प्रश्न त्यांना वीस वर्षांपूर्वी पडला होता.

"नाही! तीच तर गंमत आहे. तोच निरोप चेतातंतूंमधून शेगडीलाही जातो. तपकिरी चरबीला. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, म्हणजे पेशीच्या भट्ट्या. अन्न जाळून त्या शक्ती बनवतात, कामाला लागेल तशी वापरायला. पण तपकिरी चरबीतल्या भट्ट्यांना एक मुद्दाम ठेवलेली गळती असते. एक खास प्रथिन ती गळती उघडतं, आणि मग शक्ती साठायच्या ऐवजी सरळ ऊब होऊन बाहेर पडते. न कुडकुडता. आता मला सांग, आपल्याला काय हवं?"

रुंजीने डोळे मिटून विचार केला. "शेगडी पेटायला हवी. पण खिडक्या उघडायला नकोत."

"म्हणजे कशी मिरची हवी?"

"तोंडाला झोंबणार नाही अशी!" रुंजी उडी मारून उभी राहिली. तिला एकदम सगळं काचघर नव्याने दिसलं. "तुमची मिरची!"

"माझी मिरची," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला. "तिच्यातला रेणू तिखट रेणूचा सख्खा भाऊ. जवळजवळ तीच किल्ली, पण तोंडातल्या दारांपर्यंत ती नीट पोचत नाही. ती काम करते ते पोटात गेल्यावर. आतड्यातली दारं उघडतात, शेगडीला निरोप जातो, आणि जिभेला पत्ताही लागत नाही. आल्यात आणि मिऱ्यातही अशा काही किल्ल्या असाव्यात, त्यांचा शोध चालू आहे. पण जादू म्हणू नकोस हं. ही थोडी मदत आहे. कोट-टोपीची जागा ती घेत नाही."

"मग तुम्ही ती खाल्ली का नाहीत?"

उत्तर यांगचेनने दिलं. "चार वर्षं सांगतेय मी. खात नाहीत. का, तर म्हणे मी नंदुरबारचा. गोडी मिरची खाल्ली तर पूर्वज वरून शिंकतील."

"तसं नाही," आप्पा पुटपुटले. "म्हणजे तसंही आहे. पण विझलेल्या शेगडीला फुंकर घालून काय उपयोग?"

रुंजीने निखाऱ्याकडे बघितलं. "विझलीय का खरंच? तू घाईत बघितलंस ना तेव्हा? नीट बघ एकदा."

दुसऱ्या दिवशी यांगचेनने आप्पांना गारशा खोलीत पातळ सदऱ्यावर बसवलं आणि निखारा त्यांच्या मानेकडे टक लावून उभा राहिला. पडदा निळाच होता. रुंजी श्वास रोखून बघत राहिली. फार वेळाने डाव्या बाजूला, हाडाच्या किंचित वर, त्या निळ्यात हिरवट झाक दिसली. होती न होती अशी.

"विझलेली नाही," निखारा म्हणाला. "राखेखाली आहे."

त्या दिवसापासून आप्पांनी आपल्याच मिरचीचा अर्क घ्यायला सुरुवात केली, तोही यांगचेनने नाडी, रक्तदाब सगळं तपासून दिल्यावर. घेताना तोंड असं करायचे की जणू कुणी त्यांना कारल्याचं सरबत पाजतंय. वास्तविक त्याला चव अशी नव्हतीच. दुःख त्याचंच होतं. शिवाय रोज थोडा वेळ काचघराच्या गारशा टोकाला हलक्या कपड्यांत बसायचं, कारण शेगडी वापरली तरच वाढते. रुंजी समोर स्वेटरांत गुरफटून बसायची आणि अभ्यास करायची. मिरचीची पांढरी फुलं वहीवर पडायची. काचेवर बर्फाची नक्षी उगवायची, उन्हात विरघळायची, पुन्हा उगवायची. ते दिवस एकमेकांत असे मिसळले की कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

हिरवी झाक कधी वाढायची, कधी हट्टी मुलासारखी तिथेच अडून बसायची. मग एका सकाळी तिच्यात पिवळा रंग उतरला. उजव्या बाजूलाही काहीतरी जागं झालं. आप्पांच्या हातांची बोटं, जी चहाच्या कपाभोवती सतत चिकटलेली असायची, ती आता बोलताना हवेत हलू लागली.

पण तिकडे तळ्याच्या काठाशी बर्फावर पाण्याची निळी रेघ दिसू लागली होती. वसंत येत होता. रुंजीला आयुष्यात पहिल्यांदा वसंताचा राग आला.

"उद्या," यांगचेन शेवटी म्हणाली. तिने त्या आठवड्यात आप्पांना तीन वेळा अंगणात उभं करून तपासलं होतं, आणि तळ्याच्या मधला बर्फ निखाऱ्याकडून मोजून घेतला होता. "अंगात तीन थर. बाहेरचा मोठा कोट. जाताना घसरगाडीवर बसून. आणि निखारा परत फिरा म्हणाला की फिरायचं, वाद नाही. शेगडी पेटलीय, पण लहान आहे, हे विसरू नका."

"आणि ठेचा?" आप्पांनी साळसूदपणे विचारलं. यांगचेनने त्यांच्यासमोर अर्काची बाटली ठेवली.

सकाळ उजाडली ती मोत्यासारखी. निखारा गाडी ओढत होता, गाडीवर आप्पा, आणि पुढे रुंजी. तिचा आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. ती धावायची, बर्फावर घसरायची, परत मागे यायची, पुन्हा धावायची. तळ्यावर पोचले तेव्हा ती धापा टाकत होती आणि गाल लालबुंद झाले होते.

मग ते बर्फावर उभे राहिले. आप्पांनी जाड तळवे असलेले वरचे बूट उतरवले. आतल्या लोकरी बुटांवर ते उभे राहिले, पाय जरा फाकवून. ऊन समोरच्या डोंगरावरून हळूहळू खाली सरकत होतं. कुठे काही आवाज नव्हता. तळं गप्प होतं.

ऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागलं. तळं गप्पच.

रुंजीला आधी वाटलं की उत्सुकतेने असं होतंय. मग तिचे दात वाजायला लागले, आणि पाठीवरून बर्फाचा हात फिरल्यासारखं झालं. तिने दात आवळून धरले. आता जर आप्पांना कळलं तर ते परत फिरतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"रुंजीचं तापमान उतरतंय," निखारा म्हणाला. लबाडी त्याला शिकवायचीच राहून गेली होती.

आप्पा वळले. "काय झालं गं?"

"काही नाही."

"रुंजी."

"मी धावले ना खूप," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आतून घामाने भिजलेय. आणि आता नुसती उभी आहे. घाम सगळी ऊब घेऊन चाललाय. मला कळायला हवं होतं, आप्पा, मला तर सगळं माहीत होतं!"

"माहीत असून चुकणं आपल्या घराण्यातच आहे," आप्पा म्हणाले. "चल, परत फिरू."

"नको! तुम्ही एवढी वर्षं..."

आप्पांनी तळ्याकडे बघितलं. मग निखाऱ्याकडे. "माझं काय म्हणतंय यंत्र?"

"तुमच्याजवळ आहे अजून ऊब," निखारा म्हणाला. "थोडा वेळ पुरेल. दोघांना."

तेव्हा आप्पांनी मोठ्या कोटाच्या गुंड्या सोडल्या, तिचा ओला स्वेटर काढून टाकला, तिला आपली कोरडी बंडी चढवली आणि आत ओढून घेतलं. गुंड्या पुन्हा लावल्या. कोटाच्या आत अंधार होता, लोकरीचा आणि काचघरातल्या मातीचा वास होता. आणि ऊब होती. ज्या हातांना ती लहानपणापासून गार हात म्हणून ओळखत होती, ते हात तिच्या पाठीवर होते, आणि ते गरम होते. कुडकुडणं हळूहळू ओसरलं. रुंजीला रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं.

आणि तळं गायला लागलं.

आधी फार लांबून, एखादी तार कुणी छेडून सोडून द्यावी तसा एक बारीक आवाज आला. मग तो तळ्याच्या पोटातून धावत आला, खोल आणि रुंद होत गेला, तिच्या तळव्यांत शिरला, पोटऱ्यांतून वर चढला. कोटाच्या आत तिला ते कानांनी कमी आणि पायांनी जास्त ऐकू येत होतं. एक आवाज विरायच्या आत दुसरा निघायचा. आप्पांचा श्वास तिच्या कानाशी कधी थांबत होता, कधी सुटत होता, आणि ते रडताहेत हे तिला न बघताच कळलं.

निखाऱ्याने वेळ झाली म्हणून सांगितलं तेव्हा दोघांपैकी कुणी वाद घातला नाही. परतताना आप्पांनी तिला पांघरुणात गुंडाळून गाडीवर बसवलं आणि स्वतः बाजूने चालत निघाले, काठीशिवाय. मागे तळं आणखी एकदा गायलं.

"आप्पा," रुंजी गाडीवरून म्हणाली, "अशा किल्ल्या आणखी किती झाडांत असतील?"

"कुणी मोजलंय? अजून बहुतेक झाडांना आपण विचारलेलंच नाही."

काठाजवळ बर्फातून एक काटेरी, तपकिरी झुडूप डोकं वर काढून उभं होतं. सगळा हिवाळा त्याच्यावरून गेला होता, आणि तरी त्याच्या फांद्यांवर टाचणीच्या टोकाएवढे हिरवे कोंब होते.

"थांब जरा, निखाऱ्या," रुंजी म्हणाली. तिने पांघरुणातून वाकून त्या झुडपाकडे बघितलं. "याला थंडी का वाजत नसेल?"

आप्पाही वाकून त्या कोंबांकडे निरखून बघू लागले. त्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं.